पेट्रोलवरची मोठी आरसी गाडी ब्रशलेस मोटरवर कशी आणायची

१/५ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक पंचमांश आकाराच्या, रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीतलं दोन-स्ट्रोक इंजिन उतरवून तिथे मोटर बसवणं दिसतं तेवढं अवघड नाही. तरीही बऱ्याच गाड्या पहिल्या दोन-तीन बॅटऱ्यांतच दाते सोललेला गिअर घेऊन टेबलावर परत येतात, आणि दोष बहुतेक वेळा मोटरचा नसतो. पेट्रोल गाडीत इंजिन आणि चाकं यांच्या मधे सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. तो साधारण मिनिटाला ६ ते ८ हजार फेऱ्यांवर धरायला लागतो, धरताना थोडा घसरतो, आणि त्या घसरण्यातच सुरुवातीचा धक्का जिरतो. ब्रशलेसमध्ये, म्हणजे घासणारे ब्रश नसलेल्या विजेच्या मोटरमध्ये, क्लच नाही. ट्रिगर ओढताच मोटरचा पूर्ण जोर शून्य फेऱ्यांपासून थेट दातांवर, डिफवर (डिफरन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) आणि ड्राइव्हशाफ्टवर येतो. मोटर निवडण्यापासून ईएससीच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) सेटिंगपर्यंत प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: क्लच जो धक्का सोसत होता, तो आता कोण सोसणार?

आधी गाडी बघा

पेट्रोल पूर्ण काढा, टाकी आणि नळी गाडीतून उतरवा, आणि गाडी दोन दिवस उघड्यावर ठेवा. जिथे पेट्रोलचा वास येतो तिथे सोल्डरिंग आयर्न तापवायची नाही आणि बॅटरीचा कनेक्टरही जोडायचा नाही. कनेक्टर जोडताना पडणारी ठिणगी वाफेला पुरेशी असते.

मग चॅसिस धुवा. दोन-स्ट्रोकच्या धुरातलं तेल सगळीकडे बसलेलं असतं आणि त्याच्यावर दुहेरी टेप किंवा वेल्क्रो कधीच धरत नाही. आधी डिग्रीजर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. साफ झाल्यावर इंजिनाच्या कंपनाने सैल झालेले स्क्रू, खाल्लेले बेअरिंग, झिजलेले डिफ कप दिसायला लागतात. डिफ उघडून बघाच. दात चमकत असतील पण धार गोल झाली असेल, तर तो गिअर इंजिनावर अजून एक वर्ष चालला असता. मोटरवर तो एक दिवसही टिकणार नाही.

गाडीची घडणही बघून ठेवा. एचपीआय बाजा ५बी सारखी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते; इंजिन मागे, वजन मागे. लोसी फाइव्ह-टी (5IVE-T) सारखी गाडी चारही चाकांवर चालते आणि तिच्या मधोमध पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा सेंटर डिफ असतो. दोघींची कामं बरीचशी सारखी, पण ब्रेक आणि डिफच्या तेलाचं गणित वेगळं. ते पुढे येईल.

काय काढायचं, काय ठेवायचं

इंजिन, एक्झॉस्ट, क्लच, क्लच बेल आणि तिचा कॅरियर, टाकी, थ्रॉटल सर्व्हो (थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर), त्याची सळई, इंजिन बंद करणारा किल स्विच: हे सगळं जातं. २६ सीसीचं इंजिन एक्झॉस्टसकट अडीच किलोच्या आसपास भरतं. त्याच्या जागी मोटर, ईएससी आणि दोन बॅटऱ्या मिळून साधारण तेवढंच वजन परत येतं. म्हणजे एकूण वजनात फार फरक पडत नाही, पण ते कुठे बसतं यात मोठा फरक पडतो. काढलेला प्रत्येक भाग वजन करून लिहून ठेवा. स्प्रिंगचा ताण लावताना हा कागद उपयोगी पडतो.

स्पर गिअर, म्हणजे मोटरवरच्या लहान गिअरने (पिनियनने) फिरणारा मोठा गिअर, ठेवा, तो पोलादी असेल तर. प्लॅस्टिकचा असेल तर आत्ताच बदला.

रिसीव्हरची वेगळी बॅटरी फेकू नका. तिचा उपयोग पुढे आहे.

डिस्क ब्रेक काढायचा की ठेवायचा यावर मतं दोन आहेत. मोटर स्वतः ब्रेक लावते, त्यामुळे नवख्याने तो काढावा. एक सर्व्हो, एक सळई आणि एक बिघडणारी गोष्ट कमी होते.

मोटर, केव्ही आणि व्होल्टेज

केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर बिनभार मिनिटाला किती फेऱ्या घेते तो आकडा. ८०० केव्हीची मोटर २९.६ व्होल्टवर, म्हणजे ८एस लायपोच्या (आठ सेल सिरीजमध्ये असलेल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या) सरासरी व्होल्टेजवर, २३,६८० फेऱ्या घेईल. पूर्ण चार्ज बॅटरीवर, ३३.६ व्होल्टला, २६,८८०. पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त १५-१६ हजारांवर असतं. म्हणजे गिअर तोच ठेवला तरी गाडी आधीपेक्षा वेगाने धावणार.

नवख्याची नेहमीची चूक म्हणजे ६एस बॅटरी आणि जास्त केव्हीची मोटर घेणं. फेऱ्या तेवढ्याच मिळतात, पण ३००० वॅट हवे असतील तर २२.२ व्होल्टवर १३५ अँपियर ओढावे लागतात आणि २९.६ व्होल्टवर १०१. तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी ८एसवर तारा आणि कनेक्टर ६एसच्या जवळपास ५६ टक्केच तापतात. जड गाडीला जास्त व्होल्ट आणि कमी केव्ही हाच मार्ग. १० ते १८ किलोच्या गाडीसाठी ८एस आणि ७०० ते ८०० केव्ही धरून चला. ८एसवर ११०० केव्हीची मोटर लावली तर पूर्ण चार्जवर ती ३६,९६० फेऱ्यांना जाते. पिनियन खूपच कमी दातांचा घ्यावा लागतो.

मोटरचा व्यास ५६ मिमीच्या आसपास आणि शाफ्ट ८ मिमी हे या मापाचं प्रमाण. कॅसलची २०२८ मालिका किंवा हॉबीविंगची ५६११३ या जातीच्या मोटरी यात बसतात. १/८ गाडीची ५ मिमी शाफ्टची मोटर फिरेल, गाडी हलेलही, पण पाच मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापेल.

टॉर्कचा अंदाज सोपा आहे. ९.५५ ला केव्हीने भागा, म्हणजे एका अँपियरमागे किती न्यूटन-मीटर मिळतात ते कळतं. ८०० केव्हीला ०.०११९. १५० अँपियरला सुमारे १.८ न्यूटन-मीटर, जे इंजिनाच्या जवळपासच आहे. पण क्षणभर ३०० अँपियर गेले तर तोच आकडा ३.६ होतो, आणि तोही उभ्या गाडीवर. गिअर सोलतो तो याच क्षणी.

ईएससी ८एसला, म्हणजे किमान ३३.६ व्होल्टला, चालणारा हवा आणि सतत १५० ते २०० अँपियर पेलणारा. हॉबीविंगचा मॅक्स५ ३ ते ८ सेलसाठी आणि २०० अँपियरचा आहे. कॅसलचा एक्सएलएक्स ८एसपर्यंत चालतो. १/८ गाडीचा ६एस ईएससी एकदाही ८एसला लावू नका. जोडल्याक्षणी जळेल.

गिअरचं गणित, पिनियन घेण्याआधी

पहिलं मॉड्यूल, म्हणजे दातांच्या मापाचा आकडा, ओळखा. गिअरचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि दात अधिक दोन या संख्येने भागा. ५८ दातांचा स्पर ९० मिमी भरला तर ९० भागिले ६०, म्हणजे मॉड्यूल १.५. मोठ्या गाड्यांत बहुतेक वेळा हेच निघतं, पण मोजल्याशिवाय पिनियन घेऊ नका. मॉड्यूल १ चा पिनियन १.५ च्या स्परला लावला तर दात बसल्यासारखे वाटतात आणि पहिल्या थ्रॉटलला सगळे जातात. जुना पिनियन क्लच बेलवर असतो, तो मोटरच्या शाफ्टवर लागत नाही. ८ मिमी बोअरचा, कडक पोलादाचा, एम५ ग्रब स्क्रूचा (शाफ्टवर रुतणारा बिनडोक्याचा स्क्रू) किंवा चावीखाच असलेला नवा घ्या.

दुसरं, स्परपासून चाकापर्यंतचं आतलं गुणोत्तर. गाडी जमिनीवर सरळ ढकला, चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत स्पर किती फिरला ते मोजा, दहाने भागा. एका चाकाला हाताने फिरवून मोजाल तर डिफमुळे चुकीचा आकडा येतो. दोन्ही चाकं सोबत फिरली पाहिजेत.

तिसरं, टायरचा घेर. टायरवर खडूने खूण करा, गाडीच्या वजनासह एक पूर्ण फेरी ढकला, जमिनीवरचं अंतर मोजा.

आता हिशोब. समजा आतलं गुणोत्तर ३.३, स्पर ५८, पिनियन १९, टायरचा व्यास १८० मिमी म्हणजे घेर ०.५६५ मीटर. ५८ भागिले १९ म्हणजे ३.०५, गुणिले ३.३ म्हणजे १०.०७. भाराखाली मोटर बिनभार फेऱ्यांच्या साधारण ८५ टक्के देते असं धरा: २३,६८० चे २०,१२८. चाकाच्या फेऱ्या मिनिटाला १,९९९, अंतर १,१३० मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. त्याच गिअरवर १६ हजार फेऱ्यांचं इंजिन ५४ द्यायचं. पिनियन २२ केला तर एकूण गुणोत्तर ८.७० होतं आणि वेग ७८ वर जातो.

नवख्याने सुरुवातीला ६० ते ७० च्या मधे राहावं. यावर जायचं तर पिनियनचे दात एकेकाने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी तापमान मोजा. पहिल्या दिवशी २४ दातांचा पिनियन लावून मोटर जाळणारे बरेच असतात. मोटर जळण्याच्या कारणांत सगळ्यात वर गिअर असतो. मोटरचा दर्जा त्याच्या बऱ्याच खाली.

माउंट

तयार किट मिळत असेल तर घ्या. नसेल तर ६ मिमी किंवा त्याहून जाड ॲल्युमिनियमची पट्टी, ६०६१ किंवा ७०७५ जातीची. ३ मिमीची पट्टी टेबलावर कडक वाटते आणि पहिल्या उडीला वाकते. वाकली की पिनियन तिरका होतो, आणि तिरका पिनियन स्परचे दात एका बाजूने खातो.

दोन गिअरच्या केंद्रांमधलं अंतर आधी काढता येतं: मॉड्यूल गुणिले दातांची बेरीज, भागिले दोन. १९ आणि ५८ ला १.५ × ७७ ÷ २, म्हणजे ५७.७५ मिमी. २२ ला ६०.०० मिमी. एका दाताला ०.७५ मिमी. म्हणून १७ ते २४ दात लावता यावेत अशी सोय ठेवायची असेल तर ५.२५ मिमी सरकायला हवं. खाच किमान ६ मिमी लांबीची कापा. गोल भोक पाडणारे नंतर प्रत्येक पिनियनसाठी नवी पट्टी कापत बसतात.

मोटरच्या तोंडावरच्या भोकांची जागा कॅलिपरने मोजून कागदाचा साचा करा, साचा पट्टीवर चिकटवा, मग पंच मारा. स्क्रूची लांबी म्हणजे पट्टीची जाडी, वॉशर आणि मोटरच्या आत जायची खोली एवढीच. आतली खोली सूचनापत्रात दिलेली असते. एक-दोन मिमी जास्त लांब स्क्रू आत वेटोळ्याला टेकतो आणि मोटर शॉर्ट होते. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त मोटर थरथरते आणि ईएससी बंद पडतो.

मोटर एक किलोच्या आसपास असते आणि फक्त तोंडाकडून धरलेली असते. उडीनंतर गाडी आपटली की तिचा मागचा भाग खाली वाकायला बघतो. मागून आधार द्याच: मोटरच्या अंगाभोवती पट्टा किंवा मागच्या बाजूला चॅसिसवर टेकणारा कंस. सगळे धातूमध्ये जाणारे स्क्रू निळ्या, म्हणजे मध्यम, थ्रेडलॉकने. आधी दोन्ही बाजूंचं तेल पुसा, नाहीतर थ्रेडलॉक धरणार नाही. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो लावू नका, प्लॅस्टिक तडकतं.

पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर आला पाहिजे. गोल भागावर घट्ट केलेला पिनियन टिकत नाही, कितीही पिळला तरी.

आता दातांची बसणूक. स्पर आणि पिनियनच्या मधे साध्या कागदाची एक पट्टी घाला, मोटर स्परकडे दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दातांचे ठसे दिसावेत पण ती फाटलेली नसावी. मग स्पर हलवून बघा: अगदी बारीक टिकटिक खेळ हवा. एका जागी मोजून थांबू नका. स्पर पूर्ण फिरवत चार-पाच जागी बघा, कारण जुना स्पर क्वचितच पूर्ण गोल असतो. जिथे सगळ्यात घट्ट लागतो त्या जागेवर मोजमाप धरायचं. घट्ट बसणूक म्हणजे आवाज, उष्णता आणि मोटरचं बेअरिंग जाणं. सैल बसणूक म्हणजे दात सोलणं. दोन्हींत निवडायचंच असेल तर केसभर सैल बरी.

बॅटरी आणि तारा

८एस म्हणजे दोन ४एस पॅक सिरीजमध्ये: एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, उरलेली दोन टोकं ईएससीला. दोन्ही पॅक एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे, एकाच वेळी घेतलेले, आणि नेहमी जोडीनेच चार्ज केलेले. एक जुना, एक नवा असं केलं तर जुना आधी रिकामा होतो, ईएससीला एकूण व्होल्टेज अजून ठीक दिसतं, आणि जुना पॅक फुगतो.

५००० एमएएचचे दोन पॅक २९.६ व्होल्टला १४८ वॅट-तास देतात. त्यातले ८० टक्केच वापरायचे. सरासरी ५००-६०० वॅट खर्च धरला तर १२ ते १४ मिनिटं. गवतावर आणि वाळूत ती लवकर संपते. पाकिटावरच्या सी आकड्यावर, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट मिळेल त्या आकड्यावर, फार विसंबू नका. ५००० एमएएच आणि ५०सी म्हणजे कागदावर २५० अँपियर; निम्मे मिळतात असं धरून पॅक निवडा.

तारा ८ गेजच्या, सिलिकॉन आवरणाच्या. कनेक्टर क्यूएस८, एएस१५० किंवा ईसी८ या जातीचे. ईसी५ साधारण १२० अँपियरपर्यंत ठीक, पण वरच्या टोकाला तापतो. मोटरच्या तारांना ८ मिमी बुलेट कनेक्टर चांगले.

८एसवर कनेक्टर जोडताना मोठी ठिणगी पडते, कारण ईएससीतले कॅपॅसिटर क्षणात भरतात. टोक काळं होतं आणि पुढे तिथेच तापायला लागतं. म्हणून अँटिस्पार्क कनेक्टर घ्या. ठिणगी जो जोड शेवटी लागतो तिथेच पडते, त्यामुळे एकच अँटिस्पार्क कनेक्टर असला तरी चालतो, फक्त तो नेहमी सगळ्यात शेवटी जोडायचा.

ईएससी आणि बॅटरीमधल्या तारा जितक्या आखूड तितक्या चांगल्या. लांब तारांत व्होल्टेज उसळ्या मारतं आणि ते ईएससीचे कॅपॅसिटर सोसतात. काही महिन्यांनी फुटतात. लांबी वाढवायचीच असेल तर ईएससी आणि मोटरमधल्या तीन तारांची वाढवा. बॅटरीकडची वाढवावी लागलीच तर ईएससीच्या तोंडाशी जास्तीचा कॅपॅसिटर पॅक लावा.

सोल्डरचा डाग देताना ८० वॅटच्या वरची आयर्न, रुंद टोक, रोझिन भरलेला ६०/४० किंवा ६३/३७ सोल्डर. आम्लाचा फ्लक्स वापरू नका. तो तारेत आत शिरून ती हिरवी पाडतो. आधी तार आणि कप दोन्हींना वेगवेगळं सोल्डर पाजा, मग एकत्र वितळवा. थंड जोड मळकट आणि दाणेदार दिसतो; असा जोड पुन्हा करा. बॅटरीच्या तारा एका वेळी एकच कापा. दोन्ही एकाच कटरने कापल्या तर कटरच बॅटरी शॉर्ट करतो.

सगळं जोडून झालं की ईएससीला लावण्याआधी मल्टीमीटर. पूर्ण चार्जवर ३३.६ च्या जवळ आकडा दिसला पाहिजे आणि लाल टोकावर प्लस. १६.८ दिसला तर सिरीज नाही, पॅरलल जोडलं आहे. उलटे ध्रुव ईएससीला लागले तर तो दुरुस्त होत नाही.

पॅक शक्य तितके खाली आणि डावीकडे-उजवीकडे सारखे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते पुढे सरकवा. इंजिनाच्याच जागी ठेवले तर थ्रॉटलला नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. ट्रेच्या तळाला फोम, स्क्रूची डोकी बुडवलेली, आणि बॅटरीच्या दिशेने एकही स्क्रूचं टोक नको. प्रत्येक पॅकला दोन पट्टे.

रिसीव्हर आणि सर्व्हो

या मापाचा स्टिअरिंग सर्व्हो जोर लावताना क्षणभर ५ ते १० अँपियर ओढतो. ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला कमी व्होल्टची वीज देणारा भाग) कमी पडला तर रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि तेवढ्यात गाडी भिंतीत जाते. लोकांना हा रेडिओचा दोष वाटतो. सोपा उपाय जुनी रिसीव्हर बॅटरी आहे: ती रिसीव्हरला जोडा आणि ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली मधली लाल तार काढून टेप गुंडाळा. लाल तार तशीच ठेवली तर दोन वीजस्रोत एकमेकांशी भिडतात.

बाहेरचा बीईसी लावायचा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिरीजमधल्या दोन पॅकपैकी ज्याचा मायनस ईएससीच्या मायनसला आहे, त्याच पॅकवरून बीईसी घ्या. दुसऱ्या पॅकवरून घेतला तर बीईसीचा मायनस १५ व्होल्टवर असतो, सिग्नलच्या काळ्या तारेतून तो ईएससीच्या मायनसशी जोडला जातो, आणि सगळा करंट त्या बारीक तारेतून जातो. धूर निघतो, कधी रिसीव्हरमधून तर कधी ईएससीमधून. शिवाय एकाच पॅकवरून बीईसी घेतला की तो पॅक दुसऱ्यापेक्षा आधी उतरतो. ८एसला थेट चालणारा बीईसी मिळत असेल तर तोच घ्या.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर गाडीने काय करायचं ते सेटिंग, पुन्हा लावा. पेट्रोलवर तो थ्रॉटल सर्व्होसाठी लावलेला असतो. आता सिग्नल गेला की न्यूट्रल किंवा हलका ब्रेक. लावल्यावर चाकं उचलून ट्रान्समीटर बंद करून बघा.

सेटिंग

पहिल्यांदा पिनियन स्परपासून दूर सरकवूनच ईएससी चालू करा. ट्रान्समीटरशी कॅलिब्रेशन त्या ईएससीच्या सूचनापत्रानुसार. प्रत्येकाची रीत वेगळी. मोटर उलटी फिरली आणि ती बिनसेन्सर असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. सेन्सरची तार लावली असेल तर अदलाबदल करू नका. ए, बी, सी जिथल्या तिथे ठेवा आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदला.

मग हे आकडे. कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला ईएससी ताकद तोडतो तो आकडा, एका सेलला ३.४ व्होल्ट. पंच किंवा सुरुवातीचा जोर सगळ्यात खालच्या पायरीवर. काढलेल्या क्लचचं काम आता हेच सेटिंग करणार आहे, म्हणून पहिल्या पाच बॅटऱ्यांपर्यंत ते वाढवू नका. टायमिंग शून्य. ड्रॅग ब्रेक (ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा) शून्य. ब्रेक मागच्या दोन चाकांच्या गाडीला ३० टक्के, चारचाकीला ४० ते ५०. मागच्या दोनच चाकांवर यापेक्षा जास्त ब्रेक दिला तर गाडी गरकन फिरते. रिव्हर्स २५ टक्के, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय लागू नये असं. धावत्या गाडीला रिव्हर्स मारणं म्हणजे स्पर बदलण्याचा निर्णय घेण्यासारखं आहे.

सेंटर डिफ असलेल्या गाडीत तेल जाड करा. पेट्रोलच्या काळातलं पातळ तेल मोटरच्या जोराला पुरत नाही, सगळी ताकद हलक्या झालेल्या पुढच्या चाकांत जाते आणि ते टायर फुग्यासारखे वाढतात. ३०,००० ते १,००,००० सीएसटीच्या (तेलाच्या जाडपणाचं माप) मधलं तेल घाला, सुरुवात मधल्या आकड्याने.

पहिली चालवणी

चाकं उचलून पूर्ण थ्रॉटल कधीच देऊ नका. बिनभार टायर इतके ताणले जातात की फाटतात, आणि बाजूला उभ्या माणसाला तुकडा लागू शकतो. उचललेल्या गाडीवर फक्त दिशा, ब्रेक आणि फेलसेफ बघायचा.

मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी अर्ध्या थ्रॉटलने तीन मिनिटं. मग थांबा. हाताने दोन्ही बॅटऱ्या, सगळे कनेक्टर चाचपा. एक कनेक्टर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला डाग खराब आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर, ईएससी मोजा. मोटर ८० अंश सेल्सिअसच्या खाली, ईएससीही साधारण तेवढाच, बॅटरी ५५ च्या खाली. मोटरच्या बाहेरच्या अंगाचं तापमान आतल्या वेटोळ्यापेक्षा कमी असतं, म्हणून ८० ला थांबायचं, ९५ ला नाही. मग आणखी पाच मिनिटं, पुन्हा मोजा. पंखा गवताने अडला नाही ना तेही बघा.

तापमानावरून निदान असं. मोटर आणि ईएससी दोन्ही तापतात तर पिनियनचा एक किंवा दोन दात कमी करा. फक्त मोटर तापते आणि बॅटरी गार, तर दातांची बसणूक घट्ट आहे किंवा ड्राइव्हट्रेनमध्ये कुठेतरी अडकतंय. मोटर सरकवून गाडी हाताने ढकलून बघा. फक्त बॅटरी तापते तर पॅकचा दम कमी. सुरुवात करताना मोटर अडखळते, थरथरते, तर आधी तीन बुलेटमधला सैल जोड शोधा, मग लांब स्क्रूचा संशय घ्या. पूर्ण थ्रॉटलला गाडी एकदम मंदावते आणि सोडल्यावर परत ठीक होते, तर तो कटऑफ आहे: बॅटरीचं व्होल्टेज भाराखाली कोसळतंय.

कर्र असा आवाज आला की लगेच थांबा. आणखी दहा मीटर चालवून बघू म्हणणाऱ्यांना स्पर, पिनियन आणि कधी डिफचं घरही बदलावं लागतं.

पहिल्या बॅटरीनंतर माउंटचे, ग्रब स्क्रूचे आणि मोटरच्या मागच्या आधाराचे सगळे स्क्रू पाना लावून तपासा, कागदाची पट्टी घालून दात पुन्हा बघा. नवा पिनियन आणि जुना स्पर एकमेकांना घासून बसतात, त्यामुळे दुसऱ्या बॅटरीनंतर खेळ थोडा वाढलेला असतोच. मोटर केसभर आत सरकवावी लागते. पाचव्या बॅटरीनंतर परत एकदा बघा. त्यानंतर काही हललं नसेल तर पंच एका पायरीने वाढवायला हरकत नाही.

घरी आल्यावर दोन्ही पॅक गार होऊ द्या. दोन दिवसांत चालवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. चार्ज नेहमी बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरायची बारीक तार) लावून, १सी वर, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपियर, आग न लागणाऱ्या जागी आणि डोळ्यासमोर. फुगलेला पॅक पुन्हा गाडीत घालू नका, आणि त्याची जोडीही मोडा. उरलेला एकटा पॅक कमी सेलच्या छोट्या गाडीला चालेल.